न जळणारी गादी

गल्लीतल्या सोळा पोरांना एका सकाळी रडवायचं काम आरोग्यसेविका तबस्सुमकडे आलं होतं, आणि त्यासाठी तिनं घरचे दोन किलो कांदे आरोग्य केंद्रात नेले होते.

थायरॉइड तपासणाऱ्या अश्रुपट्टीची हीच सोय होती. सुई नको, रक्त नको, डोळ्यातला एक थेंब पुरे. पण पोरांची जात अशी, की रडू नको म्हटलं की भोकाड पसरतात आणि रड म्हटलं की दात काढतात. म्हणून तबस्सुम कांदा चिरायची, पोराच्या नाकाखाली धरायची आणि थेंब ओघळला की पट्टी गालाला टेकवायची. पट्टी निळी राहिली तर पोर खेळायला मोकळं. केशरी झाली तर नाव यादीत.

सोळातल्या अकरा पट्ट्या केशरी झाल्या. सगळ्यात गडद झाली ती तबस्सुमच्या स्वतःच्या लेकीची. इनाया पाच वर्षांची होती आणि गेलं वर्षभर दिवेलागण झाली की घरच्याच उंबऱ्याला ठेचकाळत होती.

केंद्रातल्या डॉक्टरांनी यादीवरून नजर फिरवली. "थायरॉइड मंद आहे, जीवनसत्त्व 'अ' कमी आहे. आहार सुधारा. गाजर, शेवगा, अंडी द्या."

"काय म्हनालासा?" शेवंताक्का माळी पदर खोचून पुढं आली. मिरजेजवळच्या नांदवडी गावात भाजीची टोपली घेऊन फिरण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. "माझ्या घरात गाजराचा हारा भरलेला अस्तोय, डॉक्टरसाहेब. नातू निस्ता ससा झालाय गाजरं खाऊन. आनि तो गवंड्याचा पोरगा बगा, चहा-खारीवर जगतोय. त्याची पट्टी निळी कशी ओ?"

डॉक्टरांनी हसून पुढचं नाव वाचलं. गेटापाशी इनायाला घ्यायला आलेल्या हलिमानं मात्र हा प्रश्न ऐकला आणि तो तिच्या डोक्यात रुतून बसला.

हलिमा नदाफ ही तबस्सुमची आई. पिंजाऱ्याच्या घरात जन्मली, पिंजाऱ्याच्याच घरात दिली. सासरा खांद्यावर धनुकली टाकून दारोदार कापूस पिंजत फिरला. नवऱ्यानं दुकान थाटलं. तो गेल्यावर गाद्यांचा कारखाना हलिमानं एकटीनं चालवला, आणि गल्लीची एक रीतही चालवली. गल्लीत मूल जन्मलं, मग ते नदाफांचं असो, माळ्यांचं असो की गवंड्याचं, त्याची पहिली गादी हलिमाच्या हातची. पैसे घ्यायचे नाहीत, मूठभर साखर घ्यायची. बारशाच्या किंवा अकिक्याच्या दिवशी गादी परत मागून आणायची आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं बाळाचं नाव घालायचं. गल्लीतल्या कुठल्याही पोराचं नाव कसं लिहायचं हे शाळेच्या आधी हलिमाला ठाऊक असे.

या गाद्या पूर्वी कापसाच्या असत. दहा वर्षांपूर्वी ते बदललं, आणि का बदललं हे समजायला शेगडी समजली पाहिजे.

नांदवडीत कितीही दवाखाने झाले तरी बाळंतीण घरी आली की तिच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी येतेच. हिंदूंच्या घरी सव्वा महिना, मुसलमानांच्या घरी चाळीस दिवस, दोन्ही वेळा शेक. बाळ आईच्या कुशीत, कुशीखाली गादी, गादीखाली शेगडी. दहा वर्षांपूर्वी अशाच एका शेगडीतली ठिणगी उडाली, कापसानं पेट घेतला आणि शेवंताक्काच्या तान्ह्या नातीचा पाय पोळला. पोरगी वाचली, पण व्रण राहिला. हलिमा आठवडाभर जेवली नाही. आपल्या हातची गादी आणि त्यावर पोर जळावं!

त्याच सुमाराला एस.टी. डेपोत जुन्या विजेच्या बसगाड्यांच्या सीटचा फोम लिलावात येऊ लागला. सुरुवातीला अशा दोन-तीन गाड्या बॅटरीसकट पेटल्या होत्या, म्हणून सरकारनं कायदा केला होता: सीट अशी हवी की काडी लावली तरी जळणार नाही. 'अग्निकवच' नावाची कंपनी फोममध्ये एक रसायन घालत असे. हलिमानं त्या फोमचा तुकडा आणून गॅसवर धरला. तो नुसता काळवंडला, पेटला नाही. ती बाई त्या दिवशी हरखून गेली. तिनं फोमचा बारीक चुरा केला, मऊ मलमलीत भरला आणि तेव्हापासून गल्लीतली एकही गादी कापसाची केली नाही. ह्यात तिची माया होती, थोडा अभिमानही होता.

पट्ट्यांच्या दिवसानंतर चौथ्या दिवशी ती गवंड्याच्या धाकट्या सुनेला बाळाची गादी द्यायला गेली. दुपारचं ऊन होतं, खोलीच्या खिडक्या वारा लागू नये म्हणून बंद. हलिमानं गादी बाजेवर अंथरली, सुनेनं बाळ ठेवलं, सासूनं खाली शेगडी सरकवली. हलिमा गप्पा मारत तिथंच टेकली.

पंधरा-वीस मिनिटांनी एक वास आला. गोडसर, कोंदट, घशाशी चिकटणारा. हलिमानं आधी ओळखला नाही, मग ओळखला. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये पहिलं पाऊल टाकलं की येतो तो वास.

"तुमच्या थोरल्या सुनेनं शेक घेतला होता काय गं?" तिनं सासूला विचारलं.

"कुठला ओ भाभी! तिला दम्याचा तरास. शेगडी जवळ आनली की धाप लागायची. बिनशेकाचंच काढलं तिनं बाळंतपन."

थोरल्या सुनेचा पोरगा म्हणजे तोच चहा-खारीवाला, निळ्या पट्टीचा. हलिमा उठली. मग तिनं एक काम केलं जे नांदवडीत कुणी करत नाही: झोपलेलं बाळ उचलून आईच्या हातात दिलं, गादी ओढून काढली आणि काही न सांगता ती काखोटीला मारून उन्हात चालू लागली.

"दिलेली वस्तू परत न्हेतीय बया!" सासू मागून ओरडत राहिली.

तबस्सुमनं आईचं बोलणं ऐकून घेतलं आणि पट्ट्यांचं पाकीट काढलं. पट्टीवर एक प्रथिन पसरलेलं असे, माणसाच्या रक्तात असतं तेच. केंद्रात केशरी रंगाचा अर्थ थायरॉइडचा बिघाड एवढाच लावत; खरं तर त्या प्रथिनाला बसणारं परकं काही ओल्या थेंबातून आलं की पट्टीचा रंग फिरे. मग थेंब डोळ्यातला असो नाहीतर नळाचा. तिनं दोन पट्ट्यांवर पाण्याचा थेंब सोडला. एक थंड गादीवर ठेवली, दुसरी शेगडीवर धरलेल्या गादीवर. पहिली पट्टी तासाभरानंही निळीच होती. दुसरी बाराव्या मिनिटाला केशरी झाली.

"हे रसायन फोमला पक्कं जोडलेलं नसतं, अम्मी," तबस्सुम म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "लाडवाला खसखस लावतात ना, तसं. हात लावला की बोटाला येतं. गार असतं तोवर थोडं थोडं सुटतं. ऊब दिली की उडतं."

"आणि मग?"

"मग पोरांच्या रक्तात जातं. तिथं हे पट्टीवरचं प्रथिन असतं, ते म्हणजे हमाल समज. एका खांद्यावर थायरॉइडचं संप्रेरक वाहतो. दुसऱ्या खांद्याला जीवनसत्त्व 'अ' घेऊन एक छोटा हमाल लटकलेला असतो. ह्या रसायनाची बांधणी थेट संप्रेरकासारखी. ते येऊन पहिला खांदा बळकावतं. संप्रेरक राहतं रस्त्यावर. आणि मोठा हमाल असा वाकडा होतो की छोट्याची पकड सुटते. छोटा एकटा पडला की मूत्रपिंडातून गळून जातो, पोटातलं जीवनसत्त्व घेऊन. गाजरं खा नाहीतर अख्खी बाग खा, लघवीवाटे जाणार. रसायन मात्र अंगातल्या चरबीत मुक्काम ठोकून बसतं. वर्षानुवर्षं."

हलिमानं यादी मागितली. तिला अक्षरं लावत बसायची गरज नव्हती. प्रत्येक नाव तिनं टाचलेलं होतं. अकराच्या अकरा पोरं शेकाची. उरलेल्या पाच जणांपैकी दोघं दवाखान्यातून थेट भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलेली, जिथं शेगडी नव्हती, दोघं शेक न मानणाऱ्या परगावच्या भाडेकरूंची, आणि एक गवंड्याचा.

"मीच केलं हे," ती म्हणाली.

तबस्सुमनं तिला मिठी मारायला हवी होती. निदान गोष्टींत तरी तसं होतं. पण तबस्सुमही कुणाची तरी आई होती. ती उठली, इनायाच्या पाळण्यातली जुनी गादी, जी आता पोरीची उशी झाली होती, बाहेर अंगणात फेकून आली आणि दार लावून रडली. त्याला कांदा लागला नाही. तीन दिवस मायलेकी एका घरात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तबस्सुमनं दोन्ही पट्ट्यांचे फोटो जिल्ह्याला पाठवले होते. सुनावणीची तारीख लागली, आणि तारखेआधीच अग्निकवचचे डॉक्टर सरपोतदार गाडी घेऊन दारात हजर झाले. माणूस गोड होता. त्यानं चहा घेतला, चहाचं कौतुक केलं, इनायाला रंगीत खडू दिले.

"हलिमाताई, आम्हाला पोरांची काळजी आहे. अकराही मुलांना अठरा वर्षांची होईपर्यंत थायरॉइडची गोळी आणि जीवनसत्त्वाचे थेंब कंपनी देईल. तुमच्या कारखान्याला नवीन मशीन. तुम्ही एवढंच लिहून द्यायचं की गाद्यांत निरनिराळं भंगार मिसळलेलं होतं, नेमकं कुठलं ते सांगता येत नाही."

"आणि नाही दिलं तर?"

सरपोतदारांनी कप बशीत नीट ठेवला. "तर मग प्रश्न येतो की बसच्या सीटचा माल तान्ह्या बाळाच्या अंगाखाली कुणी घातला. लिलावाच्या गोणीवर स्पष्ट छापलंय, फक्त आसनांसाठी. आमची परीक्षा पंचवीस अंशाला झालीय, सरकारी नियमानुसार. त्यात आम्ही पास आहोत. गुन्हा कुणावर नोंदतील, ते तुम्हीच ठरवा."

तो सहीचा कागद ठेवून गेल्यावर तबस्सुम तीन दिवसांत पहिल्यांदा आईशी बोलली. "सही कर, अम्मी."

"काय?"

"सही कर. मला तुझा राग आलाय, पण तुला पोलिसांनी नेलेलं मला बघायचं नाही. पोरांना औषध मिळतंय. तेवढं पुरे."

"तूच म्हणालीस ना, छोटा हमाल गळून जातो म्हणून? मग वरून थेंब घालून काय होणार? बुडाला भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतत बसायचं, अठरा वर्षं?"

"काहीच नसल्यापेक्षा बरं!"

"आणि पुढच्या लिलावाचा फोम कोण घेणार? मी नाही घेतला तर दुसरा पिंजारी घेईल. त्याच्या गावातल्या बाया शेक घेत नसतील?" हलिमाचा आवाज चढला. "मी चुकले ते माझ्या तोंडानं सांगेन. त्यांनी माझी चूक विकत घ्यायची नाही. मला चोर म्हणायचं तर म्हणा, पण मुकी म्हणू नका."

तबस्सुमनं सरपोतदारांचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल सरळ उभं राहिलं.

दुसऱ्या सकाळपासून हलिमा गल्लीत दारोदार फिरली. सासरा फिरायचा तशीच, फक्त खांद्यावर धनुकली नव्हती. प्रत्येक उंबऱ्यात ती एकच सांगायची. "तुमच्या लेकराला जे झालंय ते माझ्या गादीनं झालंय. मला ठाऊक नव्हतं, पण हात माझाच. गादी द्या, मला ती मोठ्या साहेबांपुढं ठेवायचीय."

कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी पाणी विचारलं. एका घरात तिच्या तोंडावर दार आपटलं गेलं आणि पाच मिनिटांनी त्याच दारातून गादी बाहेर सरकवली गेली. सगळ्यात शेवटी ती शेवंताक्काच्या घरी गेली, कारण तिथं जायला पाय उचलत नव्हता. त्या घरात व्रणाची नात होती आणि केशरी पट्टीचा नातूही होता.

शेवंताक्का ऐकत असताना गवारीच्या शेंगा मोडत होती. हलिमाचं बोलणं संपलं तरी तिनं मान वर केली नाही.

"एका नातवंडाला कापसानं भाजलं. दुसऱ्याला तुज्या फोमनं. आता म्या कशावर निजवू, हलिमा?"

हलिमा उंबऱ्यातच खाली बसली.

"गादी ने. मी न्हाई येनार तुज्यासंगं," शेवंताक्का म्हणाली.

सुनावणी जिल्ह्याच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर होती. अकरा गाद्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन हलिमा फाटकाशी पोचली, मागून तबस्सुम शेगडी घेऊन. पहारेकऱ्यानं शेगडी रिकामी असल्याची खात्री करून सोडली, कोळशाची पिशवी मात्र काढून घेतली. पेटवायची वस्तू आत न्यायला बंदी होती.

दालन छोटं होतं. समोर चौकशी अधिकारी काकडेबाई, शेजारी लेखनिक, डाव्या हाताला सरपोतदार आणि कंपनीचे वकील. सरपोतदारांनी भिंतीवर आलेख दाखवले. पंचवीस अंशाला रसायन सुटण्याचं प्रमाण नगण्य होतं, आणि ते खोटं बोलत नव्हते. मग वकील उभे राहिले आणि म्हणाले की खरी दोषी व्यक्ती समोरच बसली आहे.

"बरोबर आहे," हलिमा म्हणाली. वकिलांना हे अपेक्षित नसावं, ते बोलता बोलता थांबले. "लिहून घ्या बाई. हलिमा दस्तगीर नदाफ, वय चोपन्न, हिनं बसचा फोम गादीत भरला. सोळा पोरांच्या गादीत भरला. गोणीवरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता आली नाहीत आणि तिनं कुणाला विचारलंही नाही. हे पहिल्या ओळीत लिहा. आणि दुसऱ्या ओळीत ह्यांचं लिहायचं, म्हणून मला निखारे पाहिजेत."

"निखारे?" काकडेबाई म्हणाल्या. "इथं कुठून आणायचे?"

"हितनं," दारातून आवाज आला.

शेवंताक्का दारात उभी होती. डोक्यावर भाजीची टोपली, टोपलीत मेथीच्या जुड्यांखाली लोखंडी घमेलं, आणि घमेल्यात राखेखाली झाकलेले निखारे. फाटकावर अडकलेली कोळशाची पिशवी पाहून तिनं ते जवळच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणले होते. जग विजेवर गेलं तरी कचेरीतल्या साहेबांचे कडक शर्ट अजून कोळशाच्या इस्त्रीनंच होत. मेथीचा खालचा थर करपला होता.

"निखाऱ्याला बंदी हाय म्हनला त्यो पारेकरी. भाजीला न्हवती," ती म्हणाली आणि हलिमाकडे न बघता घमेलं शेगडीत रितं केलं.

वकिलांनी हरकत घेतली. काकडेबाईंनी शिपायाला पाण्याची बादली आणून ठेवायला सांगितली आणि हरकत बाजूला ठेवली. बाळंतिणीच्या खोलीत असतं तसं सगळं करा, म्हणाल्या. दार लागलं, खिडक्या लागल्या, पंखा बंद झाला. दोन स्टुलांवर फळी, फळीवर गादी, खाली शेगडी. गादीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'इनाया' लिहिलेलं होतं. तबस्सुमनं पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला आणि ती नावाशेजारी ठेवली.

सगळे बसून राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"पाहा," सरपोतदार म्हणाले. "पेट घेतलेला नाही. आमचा माल हेच काम करतो. माणसांचे जीव वाचवतो."

"खरं आहे," हलिमा म्हणाली. "नाही पेटत. म्हणूनच तर मी तो उराशी धरला."

अकराव्या मिनिटाला वास आला. लेखनिकानं नाकाला रुमाल लावला. तेराव्या मिनिटाला पट्टीची एक कड केशरी झाली आणि रंग हळूहळू आत सरकू लागला.

"हा वापर आम्ही गृहीत कसा धरणार?" सरपोतदारांचा गोडवा थोडा उतरला होता. "बसच्या सीटखाली कोण शेगडी ठेवतं?"

"मे महिना ठेवतो, साहेब. दुपारी डेपोत उभ्या गाडीत एकदा बसून बघा, काचा लावून. तिथं पंचवीस अंश असतात काय? त्या गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना एक एक पट्टी लावून बघा. कांदे मी देते."

काकडेबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. वास आता दाट झाला होता. वकील खोकले. सरपोतदारांनी कॉलर सैल केली, खुर्ची मागं सरकवली, आणखी मागं सरकवली, आणि मग उठून त्यांनी खिडकी उघडली. बाहेरची हवा आली तसा त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"का उघडलीत, साहेब?" हलिमानं विचारलं.

सरपोतदार वळले. हात अजून कडीवरच होता.

"पंधरा मिनिटं झालीत फक्त. चाळीस दिवसांतली पंधरा मिनिटं. तुम्ही मोठे आहात, खुर्चीवर आहात, गादीवर नाही. नगण्य आहे ना? मग का उघडलीत?" तिनं गादीवरच्या लाल नावाकडे बोट केलं. "तिला उठता येत नव्हतं. कडीपर्यंत हात पोचत नव्हता तिचा."

शेवंताक्का सरकली आणि हलिमाशेजारी बाकावर येऊन बसली.

काकडेबाईंनी घड्याळ पाहिलं आणि लेखनिकाला म्हणाल्या, "लिहा. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कंपनीच्या प्रतिनिधींनी स्वतः उठून खिडकी उघडली."

"आणि माझं?" हलिमा म्हणाली.

"तुमचं आलं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीत."